रायझन ७६०० की आय५-१४४००? आधी भावाच्या कॅमेऱ्यातल्या क्लिप्स बघू

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. घर इंदूरच्या सुदामा नगरला. थोरला भाऊ लग्नांचं शूटिंग करतो, कॅनन आर६ मार्क टू वर, सी-लॉग ३ (नंतर रंग सुधारायला वाव ठेवणारी फिकट रंगांची सेटिंग) लावून. एडिटिंग तुझ्याकडे, प्रीमिअर प्रोमध्ये. सध्याचं मशीन म्हणजे कोअर आय३-१०१००, डीडीआर४ रॅमच्या १६-१६ जीबीच्या दोन स्टिक, त्यावर ३२०० छापलेलं, आणि मागाहून टाकलेलं आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. टाइमलाइनवर क्लिप टाकली की अडखळते. रात्री गेम चालतात. तुळशीची लग्नं लागली की भावाच्या तारखा सुरू होतील, त्याआधी मशीन बदलायचंय आणि गाडी रायझन ५ ७६०० आणि कोअर आय५-१४४०० यांच्यामध्ये अडलीये. तू लिहितोस, "यूट्यूबवर सगळे रायझन म्हणतात, सिल्व्हर मॉलमधला दुकानदार इंटेल म्हणतो. काका, तुम्हीच सांगा."

तुझ्यासाठी इंटेल. यूट्यूबवाले खोटं सांगत नाहीयेत, ते वेगळ्या माणसासाठी सांगताहेत. दुकानदार इंटेल का म्हणतोय ते त्यालाच माहीत, बहुतेक तो माल आतल्या रॅकवर पडून असेल. माझं कारण तुझ्या भावाच्या कॅमेऱ्यात आहे.

आत्ताच एक काम कर. मीडियाइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाक आणि भावाची कुठलीही एक क्लिप त्यात उघड. व्हिडिओच्या भागात तीन ओळी शोध: फॉरमॅट, बिट डेप्थ आणि क्रोमा सबसँपलिंग. सी-लॉग ३ लावलेल्या आर६ मार्क टू च्या क्लिपमध्ये तिथे एचईव्हीसी, १० बिट आणि ४:२:२ असं दिसेल. एचईव्हीसी म्हणजेच एच.२६५. तुझं मशीन कुठे अडतंय ते या तीन ओळींत लिहिलेलं आहे.

आता ४:२:२ म्हणजे काय? कॅमेरा प्रत्येक पिक्सेलचा उजेड नोंदवतो, पण रंगाची माहिती जागा वाचवायला कमी ठेवतो. फोन आणि बहुतेक ड्रोन ४:२:० मध्ये लिहितात. ४:२:२ मध्ये रंगाची माहिती त्याच्या दुप्पट असते. शालूचा लाल, हळदीचा पिवळा, स्टेजवरचे जांभळे एलईडी हे सगळं ग्रेडिंगमध्ये, म्हणजे रंग सुधारताना, ओढताना ताणलं जात नाही ते त्यामुळे. भावाने हा फॉरमॅट निवडलाय तो बरोबरच आहे, त्याला बदलायला सांगू नकोस. पण एच.२६५ मुळात घट्ट दाबून भरलेली फाइल. प्रत्येक फ्रेम उलगडायला भरपूर गणित लागतं, आणि ते गणित करायला प्रोसेसरच्या किंवा ग्राफिक्सच्या चिपमध्ये वेगळा, त्याच कामासाठी बनवलेला भाग असतो. त्या भागाला हा नेमका प्रकार ओळखता आला तर क्लिप लोण्यासारखी सरकते. नाही ओळखता आला तर सगळा भार साध्या कोअरवर पडतो.

तुझ्या आरटीएक्स ३०६० मधला तो भाग एच.२६५ चं १० बिट ४:२:० उलगडतो, ४:२:२ नाही. एनव्हिडियाने ४:२:२ दिलं ते २०२५ मध्ये आलेल्या ५० च्या मालिकेत. तुझ्या आय३-१०१०० मधल्या इंटेल ग्राफिक्सलाही ते जमत नाही. इंटेलच्या डेस्कटॉप चिपांना ते अकराव्या पिढीपासून येतं. म्हणजे आज तुझ्या क्लिप चार कोअरवर, निव्वळ ताकदीवर उलगडल्या जाताहेत. ड्रोनची क्लिप नीट चालते आणि कॅमेऱ्याची अडते, असं तू लिहिलंयस ना? हेच कारण. ड्रोनची ४:२:० आहे, ती तुझं कार्ड सांभाळून घेतं.

आता दोन्ही उमेदवार बघ. आय५-१४४०० मध्ये यूएचडी ७३० नावाचं छोटं ग्राफिक्स आहे. गेमच्या दृष्टीने त्याला कुणी विचारत नाही, पण त्यात क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओ उलगडणारा इंटेलचा तो खास भाग, आहे आणि त्याला एच.२६५ चं १० बिट ४:२:२ येतं. प्रीमिअर ते वापरतं. रायझन ७६०० मध्येही छोटं ग्राफिक्स आहे. मॉनिटरवर चित्र आणायला, कार्ड बिघडलं तर मशीन तपासायला उत्तम, पण त्याला ४:२:२ येत नाही. रायझन घेतलास तर आजचाच प्रकार चार कोअरऐवजी सहा दमदार कोअरवर होईल. फरक नक्की जाणवेल, एकच क्लिप असेल तर चालूनही जाईल. पण मंगलाष्टकांच्या वेळी दोन कॅमेरे लावलेले असतात, त्या दोन्ही क्लिप एकावर एक ठेवून मल्टिकॅम कापायला बसलास की पुन्हा तेच अडखळणं.

म्हणून १४४००एफ घेऊ नकोस. दुकानात तोच आधी पुढे करतील, कारण तो स्वस्त असतो आणि "तुमच्याकडे कार्ड आहेच ना, मग आतलं ग्राफिक्स कशाला" हे वाक्य पटकन पटतं. गेमवाल्याला ते लागूही पडतं. पण एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद, आणि तू हा प्रोसेसर घेतोयस तोच मुळी त्या ग्राफिक्ससाठी.

इथे सोनीवाल्यांसाठी दोन शब्द, कारण इंदूरात लग्नाचं शूटिंग करणारे बरेच जण ए७ फोर वापरतात आणि हाच सल्ला जसाच्या तसा उचलतील. सोनीमध्ये एक्सएव्हीसी एस आणि एक्सएव्हीसी एचएस असे दोन मुख्य प्रकार असतात. एचएस म्हणजे एच.२६५, त्यावर वरचं सगळं लागू. नुसतं एस म्हणजे एच.२६४, आणि ते १० बिट ४:२:२ मध्ये असेल तर १४४०० मधलं क्विक सिंकही कामाचं नाही. आपल्याकडे कॅमेरा पालवर (भारतात चालणारं व्हिडिओचं मानक) ठेवून २५ फ्रेमला शूट करायची सवय आहे आणि सोनीच्या फोर-के एचएसमध्ये २५ चा पर्याय मिळत नाही, ५० मिळतो. त्यामुळे सोनीवाल्याने नुसता प्रोसेसर बदलून भागत नाही, त्याने एक तर ५० च्या मालिकेतलं कार्ड घ्यावं किंवा प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या नकला, बनवाव्यात.

प्रॉक्सीचा विषय निघालाच आहे तर सांगतो: खर्च टाळायचा असेल तर तुझं आजचं मशीनही चालेल. क्लिप आत घेतानाच प्रीमिअरला हलक्या प्रॉक्सी बनवायला सांग, मशीन रात्रभर चालू ठेव, सकाळी प्रॉक्सीवर कापायला बस. शेवटी एक्स्पोर्ट मूळ क्लिपवरूनच होतं, दर्जा कुठे जात नाही. खर्च होतो तो वेळ आणि हार्ड डिस्कवरची जागा. महिन्यात एखादंच लग्न असतं तर मी तुला हेच करायला सांगून गप्प बसलो असतो. पण सीझनमध्ये रविवारचं लग्न आणि मंगळवारपर्यंत हायलाइट पाठवायचं, अशा घाईत रात्रभराची प्रॉक्सी परवडत नाही.

बरं, आता खोक्यावरच्या आकड्यांकडे येऊ.

१४४०० वर दहा कोअर लिहिलेत, ७६०० वर सहा. हे सरळ दहा विरुद्ध सहा असं मोजू नकोस. इंटेलच्या दहांमध्ये सहा मोठे कोअर आणि चार छोटे, मिळून सोळा थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं). रायझनचे सहाही मोठे, बारा थ्रेड. वेग रायझनचा जास्त: वरचा टप्पा ५.१ गिगाहर्ट्झ, इंटेलचा ४.७. कॅशही, म्हणजे प्रोसेसरमधली झटपट मेमरीही, रायझनकडे जास्त, एल३ ३२ एमबी विरुद्ध २० एमबी. सगळे कोअर एकदम राबतात अशा कामात दोघं जवळपास बरोबरीला येतात, चार छोटे कोअर इंटेलची उणीव भरून काढतात. एकदोन कोअरवरच चालणाऱ्या कामात रायझन पुढे. एक आतली गोष्ट सांगायची तर १४४०० हा २०२४ च्या जानेवारीत आला खरा, पण तो २०२३ च्या १३४०० चाच किंचित वेग वाढवलेला भाऊ आहे. दोघांत ०.१ गिगाहर्ट्झचा फरक. १३४०० कुठे पक्क्या बिलात आणि बरंच कमी किमतीत मिळत असेल तर बेलाशक घे, त्यातही तेच यूएचडी ७३० आहे. उलट थोडे पैसे वर टाकायची तयारी असेल तर १४५०० चा भाव जरूर विचार. त्यात छोटे कोअर आठ आहेत आणि ग्राफिक्स यूएचडी ७७० आहे, ज्यात व्हिडिओ उलगडण्याचं इंजिन एकाऐवजी दोन. मल्टिकॅमसाठी तो १४४०० पेक्षा सरस.

गेमच्या बाबतीत मात्र यूट्यूबवाले बरोबर आहेत. ७६०० सोबत डीडीआर५ ६००० ची रॅम असेल तर बऱ्याच गेममध्ये तो १४४०० ला मागे टाकतो. पण त्या चाचण्या कशा करतात ते बघ. प्रोसेसरमधला फरक उघडा पडावा म्हणून ते बाजारातलं सगळ्यात महागडं कार्ड लावतात आणि १०८०पी वर खेळतात. तुझ्याकडे ३०६० आहे. बहुतेक नव्या गेममध्ये तुझं कार्ड आधी दमेल, प्रोसेसरची वेळच येणार नाही. व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेममध्ये फ्रेमचा आकडा वेगळा दिसेल, पण तिथे दोन्हींवर तुझ्या मॉनिटरला पुरून उरतील इतक्या फ्रेम येतात. पुढे मोठं कार्ड घ्यायचं ठरवलंस तर हा हिशेब बदलेल, हे मान्य.

आता रॅम. तुझ्या बाबतीत निम्मा निकाल इथेच लागतो. रायझन ७६०० एएम५ सॉकेटचा, त्याला डीडीआर५ च लागते. १४४०० च्या सॉकेटला डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही चालतात, फक्त मदरबोर्ड त्या प्रकारचा घ्यायचा. तुझ्याकडे ३२ जीबी डीडीआर४ पडलेली आहे. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव भडकले, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा ओढा एआयच्या सर्व्हरकडे वळला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला क्रुशल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत घरात पडलेली ३२ जीबी कपाटात ठेवून नवी ३२ जीबी विकत घेणं मला पटत नाही. मी इथे रुपयांचे आकडे मुद्दामच लिहीत नाही. सिल्व्हर मॉलमध्ये सकाळी ऐकलेला भाव संध्याकाळी टिकेलच असं नाही. पण तू स्वतः कागदावर दोन बेरजा कर: एका बाजूला १४४००, बी७६० चा डीडीआर४ बोर्ड आणि रॅमचे शून्य. दुसऱ्या बाजूला ७६००, बी६५० चा बोर्ड आणि डीडीआर५ ची ३२ जीबी. नुसत्या प्रोसेसरच्या किमती शेजारी ठेवून तू जे लिहिलंयस, "फरक फार नाही", ते या बेरजेत टिकणार नाही.

आणखी एक. तुझ्या रॅमवर ३२०० लिहिलंय, पण जुना बोर्ड एच४१० किंवा बी४६० असेल तर ती आजवर २६६६ वरच चालत आलीये. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक करून बघ. १४४०० डीडीआर४ ३२०० अधिकृतपणे चालवतो, तेव्हा तीच रॅम नव्या बोर्डात पहिल्यांदा पूर्ण वेगाने धावेल. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या आतल्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅमला छापलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करायला विसरू नकोस.

रायझनच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा म्हणजे पुढची वाट, आणि तो मी झाकून ठेवणार नाही. १४४०० चं सॉकेट संपलेलं आहे. २०२१ च्या अखेरीला आलं, बारावी, तेरावी, चौदावी पिढी त्यावर झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटेल नव्या सॉकेटवर गेलं. एएम५ वर २०२४ मध्ये ९००० ची मालिका आली आणि एएमडीने २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही हे सॉकेट चालवू असं सांगितलंय. त्यांचा मागचा इतिहासही चांगला आहे. २०१७ च्या कित्येक बी३५० बोर्डांवर बायोस अपडेट करून २०२२ चा ५८००एक्स३डी चढला. असे बोर्ड मी स्वतः केलेत, पाच वर्षांच्या जुन्या मशीनमध्ये तो प्रोसेसर बसवताना माझाच विश्वास बसत नव्हता. पण इंदूरातली माझी गिऱ्हाइकं बघता, तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर काढून नवा घालणारा माणूस विरळा. बहुतेक जण बोर्डासकट सगळंच विकतात आणि नवं जोडतात. तूही आज तेच करतोयस.

बरं, या सॉकेटवर पुढे कधी सेकंडहँड आय७-१४७०० घालावासा वाटला, तर ती तेराव्या-चौदाव्या पिढीची भानगड लक्षात ठेव. त्या पिढ्यांतले वरचे प्रोसेसर, म्हणजे १३६००के, १४६००के आणि त्यांच्या वरचे आय७, आय९, जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू बिघडत होते. इंटेलने २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) देऊन ते आवरलं आणि खोक्यातल्या प्रोसेसरांची वॉरंटी तीनवरून पाच वर्षं केली. १३४०० आणि १४४०० त्या यादीत नाहीत, त्यामुळे "चौदावी पिढी जळते" हे ऐकून तू घाबरायचं कारण नाही. सेकंडहँड आय७ घेताना मात्र आधीच्या मालकाने बायोस कधी अपडेट केलं होतं हे विचार, आणि त्याने टाळाटाळ केली तर निघून ये.

बोर्डात कंजुषी करू नकोस. दुकानदार एच६१० दाखवेल, त्यात प्रोसेसर चालू होतोच. पण दोन्ही खोक्यांवर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी जोर लावल्यावर १४४०० हा १४८ वॅटपर्यंत जाऊ शकतो. रायझन ७६०० मात्र ८८ च्या वर जात नाही, विजेच्या बाबतीत तो साधुसंत आहे. स्वस्त एच६१० बोर्डांवर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर हीटसिंकच नसतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तुझी खोली गच्चीखालची, आणि त्यात एक तासाच्या फिल्मचं एक्स्पोर्ट. बोर्ड तापून प्रोसेसरचा वेग खाली ओढतो आणि मग लोक म्हणतात, इंटेल खराब. बी७६० चा, हीटसिंक असलेला, चार स्लॉटचा डीडीआर४ बोर्ड घे. अशा मशीनमध्ये मी बायोसमधली पीएल१ ही, म्हणजे प्रोसेसरने सतत किती वीज घ्यावी याची, मर्यादा ९० वॅटच्या आसपास बांधून देतो. एक्स्पोर्ट किंचित लांबतं, पण पंखा किंचाळत नाही. आणि खोलीत पाण्याचा कूलर लावत असशील तर त्याचं तोंड कॅबिनेटकडे नको. ओली हवा आणि माळव्याची धूळ मिळून पंख्यावर जो लेप बसतो, तो ब्रशनेही निघत नाही.

जुना सीपीयू कूलर नव्या बोर्डाला लागणार नाही, भोकांचं अंतर वेगळं आहे. खोक्यात येतो तो चालेल. त्याच्या चार खिट्या समोरासमोरच्या अशा क्रमाने दाबायच्या, चारही "टक्" वाजल्या पाहिजेत. बोर्ड उलटा करून मागून चारही काळी टोकं पूर्ण बाहेर आलीयेत का बघ. एक अर्धवट राहिली की प्रोसेसरचं तापमान झटक्यात नव्वदीपार जातं आणि माणूस उगाच थर्मल पेस्टला दोष देत बसतो.

खरेदीचं. खोकाबंद प्रोसेसरच घे, सील तुझ्यासमोर फोडायला लाव. ट्रेमधला सुटा प्रोसेसर स्वस्त मिळतो, पण त्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी नसते, वॉरंटी दुकानदाराच्या शब्दाची. "भिया, बिना बिल के ले जाओ, अठरा परसेंट बच जाएगा" हे वाक्य ऐकू येईलच. पक्कं बिल घे, त्यावर सिरियल नंबर लिहून घे. माझ्या ओळखीच्या एकाचा बोर्ड आठ महिन्यांत गेला, कच्च्या चिठ्ठीवर सर्व्हिस सेंटरने हात लावला नाही आणि दुकानाने फोन उचलणं बंद केलं. दुसरं, बी७६० चे बोर्ड २०२३ च्या सुरुवातीपासून बाजारात आहेत, १४४०० त्यानंतर वर्षाने आला. जुन्या साठ्यातला बोर्ड निघाला तर कदाचित स्क्रीनवर काहीच येणार नाही. बायोस अपडेट करून, मशीन दुकानातच चालू करून दाखवा म्हणून सांग. जुना आय३, बोर्ड आणि कूलर एकत्र विक, घरी अभ्यासाला मशीन शोधणारं कुणी ना कुणी भेटतंच.

यूपीएसकडेही एकदा बघ. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅट सोसतो. तुझं कार्ड एकटं १७० वॅट घेतं, प्रोसेसर जोरात असताना १४८, वर मॉनिटर आणि डिस्का. रात्री एक्स्पोर्ट चालू असताना लाइट गेली तर तो यूपीएस मशीनसकट बसेल. एक हजार व्हीएचा घे. घरच्या इन्व्हर्टरवर विसंबू नकोस, तो पलटी घेतो तेवढ्यात मशीन रीस्टार्ट होऊ शकतं. एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा असेल तर जुनाच चालेल.

तुझ्या जागी दुसरं कुणी असतं तर माझं उत्तर उलटं असतं. एसजीएसआयटीएस इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये शिकणारा मुलगा, कोडिंग आणि गेम, जुनी रॅम हाताशी नाही, शूटिंगशी संबंध नाही: त्याला मी डोळे झाकून रायझन सांगेन. कार्ड असेलच तर आतलं ग्राफिक्स नसलेला ७५००एफ आणखी बरा, तिथे एफचा तोटा काही नाही. फक्त त्याला एक सांगून ठेवतो की एएम५ वर पहिल्यांदा मशीन चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळी राहते, बोर्ड रॅमची ओळख करून घेत असतो. घाबरून बटण दाबून बंद करू नको, चहा घेऊन ये. आणि रॅमच्या दोनच स्टिक घे, चार लावल्या की एएम५ वर तिचा वेग खूप खाली येतो. तुझ्याच भावाने सी-लॉग न लावता साध्या ८ बिटमध्ये शूट केलं असतं, तरी इंटेलचा मुख्य फायदा उडाला असता, कारण ते तुझं ३०६० आरामात उलगडतं. मग निकाल रॅमवर लागला असता.

मशीन जोडून झालं की एक गोष्ट बहुतेक असेंबल करणारे करत नाहीत, ती तुला स्वतः करावी लागेल. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलेलं दिसलं की बरेच बोर्ड प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आपोआप झोपवतात. म्हणजे एफ न घेता जादा पैसे दिलेस आणि वापर मात्र एफचाच. बायोसमध्ये जा, काही बोर्डांवर ते आयजीपीयू मल्टी-मॉनिटर नावाने असतं, काहींवर इंटर्नल ग्राफिक्स म्हणून. ते एनेबल कर. मॉनिटरची केबल मात्र ३०६० लाच राहू दे. विंडोज ११ टाक, १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले आहेत आणि मोठ्या-छोट्या कोअरची कामवाटणी ११ ला जास्त चांगली जमते. त्यावर इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर वेगळा टाक, नुसता एनव्हिडियाचा पुरत नाही. मग प्रीमिअरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडियाच्या पानावर हार्डवेअर डिकोडिंग चालू कर आणि तिथे इंटेलच्या चौकटीत टिक कर. प्रीमिअर बंद करून पुन्हा उघड.

आता टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या टॅबवर दोन जीपीयू दिसायला हवेत, एक इंटेल, एक एनव्हिडिया. कॅननची क्लिप टाइमलाइनवर चालव आणि इंटेलच्या पानावरचा व्हिडिओ डिकोड हा आलेख बघ. तो वर चढला आणि सीपीयू खाली राहिला तर काम झालं. आलेख सपाटच राहिला, तर बायोसच्या त्या पानाचा आणि प्रीमिअरच्या मीडिया सेटिंगचा असे दोन फोटो पाठव, बघून सांगतो.